पाठमोरे महाराज

पाठरावांचं खरं नाव स्टुडिओत कुणाला माहीत नव्हतं आणि ते विचारायच्या फंदातही कुणी पडलं नाही. माणूस समोरून आला की लोक म्हणायचे, हा कोण बुवा? तोच माणूस पुढे निघून गेला की म्हणायचे, अरे, हे तर आपले पाठराव! त्याला कारण त्यांचा धंदा. जुन्या राजांच्या सिनेमात राजा कॅमेऱ्याकडे पाठ करून चालत जातो ना, कधी दरबारातून संतापून, कधी राणीवर रुसून, कधी लढाईला, तेव्हा ती पाठ हिरोची नसते. हिरो सावलीत खुर्ची टाकून सरबत पीत बसलेला असतो. उन्हातान्हात चालत जाणारी ती पाठ आमच्या पाठरावांची.

मुळात ते सेट उभारणाऱ्या सुतारांपैकी एक. तरुणपणी प्लायवूडच्या फळ्या डाव्या खांद्यावरून वाहून वाहून तो खांदा जरा खाली उतरला, तो उतरलाच. एकदा राजाचं काम करणाऱ्या नटाचं पोट ऐन शूटिंगमध्ये बिघडलं. त्याच्या नुसत्या चालत जाण्याचाच शॉट राहिला होता, म्हणून कुणीतरी समोर दिसला त्या सुताराच्या खांद्यावर शेला टाकला आणि म्हणालं, जा सरळ. पाठराव सरळ गेले. दारापाशी थांबले, सवयीप्रमाणे उजव्या पायातली चप्पल झटकली, खडा काढला आणि पुढे गेले. दिग्दर्शक खुर्चीतून उठून उभाच राहिला. म्हणाला, हे थांबणं बघा, याला म्हणतात राजाचं काळीज! काळीज कसलं डोंबलाचं, खडा टोचत होता. पण तेव्हापासून दारात थांबून चप्पल झटकणं ही सिनेमातल्या राजांची रीतच पडली.

मग काय, जो तो राजा पाठरावांच्या पाठीवर राज्य करू लागला. रागीट, प्रेमळ, हरलेला, जिंकलेला, सगळ्यांची पाठ एकच. घरी मात्र या कीर्तीचा काडीचा उपयोग नव्हता. बायको शेजारणींना घेऊन सिनेमाला जायची आणि अंधारात कोपराने ढोसून सांगायची, ती बघा, ती आमच्या ह्यांची पाठ. शेजारणी हो हो म्हणायच्या आणि मागून हसायच्या. कुणाच्याही पाठीकडे बोट दाखवून नवरा म्हणायला काय जातं? पुरावा काय? आणि चेहरा दाखवावा म्हटलं तर पाठरावांचा चेहरा असा, की पाहणाऱ्याला वाटावं, याला कुठल्या तरी रांगेत आपल्या पुढे उभा पाहिलाय.

पाठरावांच्या आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टर सांगून थकले, सून सांगून थकली, म्हातारी ढिम्म. म्हणायची, बघायचं काय राहिलंय आता? उगाच डोळ्यांत सुऱ्या कशाला खुपसून घेऊ? एके दिवशी जेवताना पाठराव बोलून गेले, "आई, माझं तोंड पडद्यावर बघायचं राहिलंय ना." म्हातारी घास चावायची थांबली. म्हणाली, "ते दाखवणार असशील तर करते ऑपरेशन. पण मग दाखवायला हवं हं. नुसतं सांगून डोळे फाडून घ्यायचे नाहीत मला." पाठराव म्हणाले, दाखवतो. उचलली जीभ, लावली टाळ्याला. झालं, पाठराव अडकले.

त्याच सुमारास बादलीशेठनी नवा सिनेमा काढला. शेठचा कारखाना प्लॅस्टिकच्या बादल्यांचा आणि हौस जुन्या राजेमहाराजांची. त्यांच्या आधीच्या सिनेमात महाराणी स्नान करून हौदातून बाहेर येते तो प्रसंग मोठा सुंदर घेतला होता. फक्त मागे एक निळी बादली राहून गेली, आणि तिच्यावर शेठच्याच कारखान्याचं नाव. लोक ती बादली बघायला तिकीट काढून गेले. बादल्यांचा खप वाढला, पण अब्रूचा पार चोथा झाला. तेव्हा शेठनी शपथच घेतली. आता जे काही दाखवायचं ते पुराव्यानिशी, पोस्टरवर लिहायचं 'शंभर टक्के खरा इतिहास', आणि त्यासाठी एक प्रोफेसर पगारावर ठेवायचा.

प्रोफेसर म्हणजे काटकुळा माणूस, बारा महिने हातात छत्री. तोंडात एकच शब्द, "पुरावा?" आल्या आल्या त्यांनी राजाच्या मुदपाकखान्यात धाड घातली. बटाटे बाहेर, टोमॅटो बाहेर, मिरच्या बाहेर. म्हणाले, ही सगळी मंडळी समुद्रापलीकडून आली, आणि आली तेव्हा महाराजांच्या हाडांचीही माती झाली होती. इथवर ठीक होतं. पण शूटिंगचा स्वयंपाकी घाबरट निघाला, त्याने सैनिकांच्या जेवणातूनही मिरची काढून टाकली. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंची सैन्यं भाले घेऊन स्वयंपाक्यावर चालून गेली. सबंध सिनेमात खरी म्हणावी अशी लढाई तेवढीच झाली.

आता राजा कुणी व्हायचं हा प्रश्न आला. या महाराजांची साऱ्या जगात एकच मूर्ती सापडलेली, तिचा मोठा फोटो प्रोफेसरांनी भिंतीवर लावला. मूर्ती गळ्यापर्यंतच होती. वरचं डोकं कुण्या जमान्यात कुणी फोडलं, देव जाणे. बाकी सगळं शाबूत. सुटलेलं पोट, काटकुळ्या पोटऱ्या, आणि डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. ठरलेला हिरो आला, त्याने मोठ्या ऐटीत सदरा काढला. सपाट पोटावर स्नायूंच्या अशा कडक वळ्या, की वर कपडे धुवावेत. प्रोफेसर फोटोकडे बघून म्हणाले, चालणार नाही, महाराजांना पोट आहे, दगडात कोरलंय. हिरो म्हणाला, उशी बांधतो. मग त्याला घोडा दाखवला. त्या काळी पाय अडकवायच्या रिकिबी नव्हत्या, म्हणून याही घोड्याला नव्हत्या. हिरो या बाजूने चढला आणि त्याच दमात त्या बाजूने उतरला, तोही डोक्यावर. संध्याकाळी त्याचा निरोप आला की तारखा जुळत नाहीत.

मग शोध सुरू झाला. नट आले, नटांचे भाऊ आले, एक पैलवान आला, एक निवृत्त पोस्टमन आला. प्रोफेसर प्रत्येकाला भिंतीशी उभं करायचे, त्याच्या तोंडापुढे छत्री उघडून धरायचे आणि गळ्याखालचा माणूस फोटोशी ताडून बघायचे. पाठराव तिथे एका चौथऱ्याला खिळे ठोकत होते. खिळे संपले म्हणून उठून निघाले, आणि मागून आरोळी आली, "थांबा! तो खांदा कुणाचा?"

मापं घेतली. पोट जुळलं, पोटऱ्या जुळल्या, खांदा तर तंतोतंत. प्रोफेसरांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेठनी पाठरावांना मिठी मारली आणि जाहीर केलं, हेच आपले महाराज, पहिल्या दृश्यापासून शेवटच्या दृश्यापर्यंत. खरं म्हणजे ती तोंडापुढची छत्री बघूनच पाठरावांच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण आयुष्यभर ज्याने पाठ वाहिली त्याला राज्य मिळाल्यावर पाली कुठल्या ऐकू येणार? अर्ध्या हळकुंडाने पिवळे होऊन ते घरी धावत सुटले. दारातूनच ओरडले, "आई, ऑपरेशनची तारीख घे! आख्खा राजा झालोय, तोंडासकट!"

म्हातारीने दोन्ही डोळे करून घेतले. डोळ्यांवर काळा चष्मा लावून आल्यागेल्याला सांगू लागली, माझा मुलगा राजा झालाय. शेजारणींची तोंडं बंद झाली. बायकोने पाठरावांच्या चेहऱ्यावर दुधाची साय चोळायला घेतली. इतकी चोळली की मांजर त्यांच्या मागे मागे फिरू लागलं.

शूटिंगचा पहिला दिवस उजाडला. पाठराव नटूनथटून, दाढी गुळगुळीत करून सिंहासनावर बसले. मागे लाकडी सिंह, समोर कॅमेरा. दिग्दर्शक आता सुरू करा म्हणणार, तोच प्रोफेसर मध्ये आले आणि त्यांनी विचारलं, "हा चेहरा कुणाचा?"

"माझा," पाठराव म्हणाले.

"तेच म्हणतोय मी. तुमचा. महाराजांचा कशावरून?"

प्रोफेसरांनी समजावून सांगितलं की मूर्तीला डोकं नाही, म्हणजे महाराजांचं नाक कसं होतं, डोळे कसे होते, मिशा होत्या की नव्हत्या, याचा तिळभर पुरावा नाही. कुठलाही चेहरा दाखवला तरी ते खोटंच. दिग्दर्शकाने कपाळावर हात मारून घेतला आणि विचारलं, मग आधी का नाही बोललात? प्रोफेसर म्हणाले, मला कुणी विचारलंच नाही. सगळ्यांनी शेठकडे पाहिलं. शेठच्या डोळ्यांपुढे ती निळी बादली आली. त्यांनी पाठरावांना खूण केली, वळा.

असा तो सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठमोरा निघाला. महाराज पाठमोरे जन्मले, पाठमोरे मोठे झाले, लग्नातसुद्धा राणीने हार घातला तो कॅमेऱ्याकडे तोंड करून आणि राजा तिच्यापुढे खांबासारखा उभा. आवाज दुसऱ्याच कुणाचा होता, रेडिओवर बातम्या देणाऱ्या माणसाचा, त्यामुळे महाराज राणीला प्रेमाचं काही सांगू लागले की आता पुढे हवामान येणार असं वाटायचं. दिग्दर्शकाने वर्तमानपत्रवाल्यांना हा नवा प्रयोग आहे असं सांगितलं. पोस्टरवर शेठनी एक ओळ वाढवली, 'जे ठाऊक नाही ते दाखवलेलंच नाही'.

पाठरावांची अवस्था तुम्हीच बघा. नायक झाले आणि होते तिथेच राहिले. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. घरी गेलं की म्हातारी विचारायची, आज तोंड घेतलं का रे? पाठराव म्हणायचे, घेतलं ना, अगदी जवळून घेतलं. बायकोला सगळं ठाऊक होतं. ती सांगायची, अहो, खरं सांगून टाका एकदा, म्हाताऱ्या माणसाला असं झुलवू नका. पण पाठरावांची जीभ रेटेना. आपल्या शब्दावर आईने डोळ्याला सुरी लावून घेतली, ही गोष्ट त्यांना आतून खात होती. घास गिळताना त्यांना तिच्या चष्म्याकडे बघवत नसे.

म्हणून मग त्यांनी उद्योग सुरू केले. भर दरबारात एकदा खोटी शिंक काढून मान फिरवली. प्रोफेसर म्हणाले, परत. एकदा तलवारीचं पातं घासूनपुसून असं तिरकं धरलं की त्यात आपलं नाक दिसावं. प्रोफेसरांनी पात्याला काजळी फासली. महाराज हौदाकाठी विचार करत बसलेत असा प्रसंग होता, तिथे पाण्यात प्रतिबिंब पडेल म्हणून पाठराव आशेने वाकले. प्रोफेसर पलीकडे बसून खडे टाकत राहिले आणि शॉट संपेपर्यंत त्यांनी पाणी ढवळत ठेवलं. बिचाऱ्याच्या दंडावरची लहानपणी लस टोचल्याची खूणही त्यांच्या नजरेतून सुटली नाही, तिच्यावर बाजूबंद चढला. माणूस छळायचा म्हणजे किती छळायचा! आणि गंमत म्हणजे प्रोफेसर मनाने वाईट नव्हते, दुपारी आपल्या डब्यातलं लोणचं चोरून पाठरावांनाच द्यायचे.

राहता राहिला शेवटचा प्रसंग. महाराज राजमातेचा निरोप घेऊन जळत्या वेशीतून लढाईला निघून जातात, ते परत येत नाहीत. वेस लाकडी होती, पाठरावांच्याच जुन्या सोबत्यांनी उभारलेली. एकदा पेटवली की संपली, दुसऱ्यांदा घेणं नाही. हे कळल्यावर पाठरावांनी मनाशी ठरवलं, आता नाही तर कधीच नाही. काढून टाकलं तर टाकू देत, आपण वळायचं.

वेस पेटली. राजमाता झालेल्या बाईंनी पदर डोळ्याला लावला. पाठराव चालू लागले, डावा खांदा खाली, शेला लोंबता. वेशीपाशी थांबले. चप्पल झटकली. आणि वळले. थेट कॅमेऱ्यात बघितलं. त्यांना चेहऱ्यावर वीरश्री आणायची होती, पण डोळ्यांत धूर गेलेला, नाक वाहतंय, आणि तोंड आ वासलेलं. तरी ते बघत राहिले, वेशीची वरची फळी खाली येईपर्यंत. मग मात्र पळाले.

इकडे प्रोफेसरांची छत्री हातातून गळाली. शेठ मटकन खाली बसले. दिग्दर्शक म्हणाला, पुन्हा घेता येणार नाही, वेसच उरली नाही. सगळे प्रोफेसरांकडे बघू लागले. त्यांनी बराच विचार केला. शेवटी म्हणाले, "वळायला माझी हरकत नाही. राजे वळत असतीलच. डोकं तेवढं कापा." आजूबाजूचे दोनशे सैनिक दचकून मागे सरले. मग कळलं, फिल्ममधून कापायचं म्हणताहेत. पाठरावांनी दिग्दर्शकाचे पाय धरले, एवढा एक शॉट ठेवा म्हणून. तो नुसता म्हणाला, बघू. पाठरावांनी तेवढ्या 'बघू'वर महिने काढले.

सिनेमा लागला त्या दिवशी आईला मधल्या खुर्चीवर बसवून पाठराव एका बाजूला आणि बायको दुसऱ्या बाजूला बसली. सिनेमा सुरू झाला आणि थोड्याच वेळात लोकांची चुळबुळ सुरू झाली. राजाचं तोंड दिसेना म्हणून काही जण खुर्चीत डावीकडे झुकले, काही उजवीकडे. एक गृहस्थ तर उठून पडद्याच्या कडेला जाऊन वाकून बघून आले. मागून कुणीतरी ओरडलं, "महाराज, इकडे पण बघा की जरा!" सगळं थिएटर हसलं. आई हसली नाही. तिने काळा चष्मा काढून ठेवला होता आणि टक लावून बघत होती. पाठराव घामाने भिजले होते. एवढं एकच मागणं मागत होते ते, तो शेवट राहू दे.

शेवट आला. वेस पेटली. राजा चालत निघाला, थांबला, चप्पल झटकली. वळला. आणि तो वळता वळता पडद्यावरचं चित्र हळूच वर सरकलं आणि डोकं पडद्याबाहेर गेलं. गळ्यापासून खाली एक छाती, एक सुटलेलं पोट आणि उतरता खांदा, मागे ज्वाळा. वर काही नाही. हुबेहूब ती फोटोतली मूर्ती. लोक आधी दचकले, मग हसले, मग का कोण जाणे, टाळ्या वाजवल्या.

दिवे लागले तरी पाठरावांनी मान वर केली नाही. आई पदराने डोळे पुसत होती. ते म्हणाले, "आई, मी खोटं बोललो. तोंड नाही घेतलं त्यांनी. तुझे डोळे उगाच कापले."

"तोंडाचं काय एवढं," आई म्हणाली. "ते रोज ताटावर बघते मी. तू कामाला निघालास की मी दारात येऊन उभी राहते, तुला ठाऊक तरी आहे का?"

पाठरावांना ठाऊक नव्हतं.

"तू सुतारकामाला जायला लागलास तेव्हापासून उभी राहते. हीच पाठ. हाच खांदा. कोपऱ्यावर जाऊन थांबतोस, चप्पल झटकतोस. मला दर वेळी वाटतं, आता वळशील. डोळ्यांनी दिसत होतं तेव्हाही वाटायचं, दिसेनासं झालं तरी चप्पल झटकल्याचा आवाज आला की वाटायचं." तिने पुन्हा डोळे पुसले. "आज वळलास बाबा."

पलीकडून बायको नाक पुसत म्हणाली, चला आता, झाडूवाला आलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठराव कामाला निघाले. वेशीची राख झाली होती, आता दुसऱ्या कुठल्या राजाचा दरबार उभारायचा होता. गल्लीच्या कोपऱ्यावर थांबले, चप्पल झटकली, खडा काढला. आणि वळले. दारात म्हातारी उभी होती, काळा चष्मा कपाळावर चढवलेला, डोळ्यांवर हात आडवा धरून बघत. त्यांनी हात हलवला. तिनेही हलवला. मग पुन्हा पाठ फिरवायला त्यांचं मन होईना. ते तसेच उलटे चालू लागले, एक पाऊल, दुसरं पाऊल, हात हलवत, हसत, आणि मागे उभ्या असलेल्या केळ्यांच्या हातगाडीवर जाऊन धाडकन आदळले.

फण्या रस्त्यावर पसरल्या. केळीवाला खवळला. "अहो काका, समोर बघून चाला की!"

"समोरच बघतोय," पाठराव म्हणाले आणि हात हलवत राहिले.